आमच्या धर्मग्राम कार्यालयाची सेवा आणि धर्मप्रांताचा कारभार : एक सविस्तर अभिप्राय

वसई तालुक्यातील ज्या कॅथोलिक धर्मग्रामात (पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या कक्षेतील वस्तीत) मी तीस वर्षांपूर्वी सून म्हणून आले, जेथे माझ्या दोन्ही मुलांचे बाप्तिस्मे झाले आणि गेल्या जानेवारीत मुलीचे लग्न लागले, त्या धर्मग्रामाच्या कार्यालयाविषयी हा अभिप्राय आहे. लग्नाच्या कागदपत्रांसाठी सात महिन्यांत अकरा वेळा मी त्या कार्यालयाची पायरी चढले. त्याआधी तीन वर्षे धर्मग्राम परिषदेची सभासद म्हणून त्याच इमारतीच्या वरच्या मजल्यावर होणाऱ्या बैठकांना मी बसत होते. त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजूंनी हा कारभार पाहण्याची संधी मला मिळाली. धर्मग्रामाचे नाव मी मुद्दाम देत नाही. पुढे मी एक तक्रार मांडणार आहे, ती कोणा एका धर्मगुरूंविषयी नसून पद्धतीविषयी आहे, आणि नाव दिले की वाचणाऱ्याचे लक्ष पद्धतीवरून माणसावर जाते.

ज्यांना केवळ बाप्तिस्म्याचा किंवा लग्नाचा दाखला हवा आहे, त्यांना या लिखाणाचा पहिला भाग पुरेल. ज्यांना 'परिषदेवर या' असे आमंत्रण आले आहे आणि जावे की नाही याचा विचार चालू आहे, त्यांनी मात्र शेवटपर्यंत वाचावे, ही विनंती.

कार्यालय धर्मगुरुनिवासाच्या तळमजल्यावर आहे. सकाळी मिस्सा (चर्चमधील मुख्य उपासना) झाल्यावर ते उघडते आणि दुपारी बंद होऊन संध्याकाळी पुन्हा दोन तास उघडते. सोमवारी बंद असते. ही वेळ बाहेरच्या फलकावर लिहिलेली आहे आणि ती पाळली जाते, याची नोंद आधी करते, कारण नोकरीवरून विरारची गाडी पकडून धावत येणाऱ्याला हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची असते. बसायला बाक आहे, पंखा आहे, आणि वृद्ध माणूस आला तर कार्यालयातील ताई स्वतः उठून त्यांच्याजवळ जातात. बोलणे आमच्या बोलीत होते. सामवेदीत सुरुवात केलेल्या माझ्या सासूबाईंना त्यांनी सामवेदीतच उत्तर दिले, आणि अर्ज मात्र शुद्ध मराठीत स्वतः लिहून दिला.

आता कामाविषयी. माझे जावई मालवण तालुक्यातील आहेत. म्हणजे मुलगी वसई धर्मप्रांताची आणि मुलगा सिंधुदुर्ग धर्मप्रांताचा. (धर्मप्रांत म्हणजे एका बिशपांच्या अधिकाराखालील धर्मग्रामांचा समूह.) कोकण किनाऱ्याची दोन टोके या लग्नाने जोडली गेली, आणि त्यामुळे दोन धर्मप्रांतांचे कागद एकाच टेबलावर आले. वसई धर्मप्रांत १९९८ मध्ये मुंबई महाधर्मप्रांतातून वेगळा झाला, तर सावंतवाडीला केंद्र असलेला सिंधुदुर्ग धर्मप्रांत २००५ मध्ये पुणे धर्मप्रांतातून. दोन्ही तसे तरुण धर्मप्रांत आहेत, पण ज्या धर्मग्रामांचे ते बनले आहेत त्यांतील कित्येक शेकडो वर्षांचे आहेत, आणि कारभाराची खरी परंपरा त्या जुन्या धर्मग्रामांच्या कपाटांत आहे.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक वाटते, कारण लग्नघरातही त्यावर वाद झाला. वसईचे बिशप हे मुंबईच्या आर्चबिशपांच्या (महाधर्मप्रांताच्या प्रमुखांच्या) हाताखाली काम करतात, असे अनेकांना वाटते. तसे नाही. वसई धर्मप्रांत मुंबईच्या प्रांतमंडळात (शेजारच्या धर्मप्रांतांच्या गटात) मोडतो हे खरे, परंतु वसईच्या कारभारात मुंबईच्या आर्चबिशपांना अगदी मर्यादित लक्ष घालता येते. प्रत्येक बिशप आपल्या धर्मप्रांतासाठी थेट पोपमहोदयांना उत्तरदायी असतात आणि दर पाच वर्षांनी आपल्या धर्मप्रांताचा अहवाल त्यांना सादर करतात. पहिले बिशप थॉमस डाबरे यांच्यानंतर २००९ मध्ये फेलिक्स मच्याडो वसईला आले, तेव्हा त्यांना 'आर्चबिशप' म्हटले जात असे. त्यामुळे वसईचा दर्जा वाढला अशी समजूत पसरली होती. तो मान त्यांच्यापुरता वैयक्तिक होता, वसई धर्मप्रांतच राहिली. २०२४ मध्ये बिशप थॉमस डिसूझा यांची नेमणूक झाली, तेव्हा हे पुन्हा स्पष्ट झाले.

मुलीच्या बाप्तिस्म्याचा दाखला काढायला मी पहिल्यांदा गेले तो जूनचा दिवस होता. ताईंनी जन्मवर्ष विचारले, लोखंडी कपाट उघडले आणि जाड पुठ्ठ्याची, कापडी पाठीची एक उंच नोंदवही दोन्ही हातांनी उचलून टेबलावर ठेवली. पानावर डावीकडून उजवीकडे रकाने होते : अनुक्रमांक, बाप्तिस्म्याची तारीख, जन्मतारीख, बालकाचे नाव, आईवडिलांची नावे, राहण्याचे ठिकाण, धर्मपिता आणि धर्ममाता, संस्कार देणाऱ्या धर्मगुरूंची सही. अगदी उजवीकडे एक रुंद रकाना जवळजवळ कोरा होता. त्यात माझ्या मुलीच्या नावापुढे एकच ओळ होती, ती तिच्या दृढीकरणाची (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करणाऱ्या संस्काराची). ताईंनी त्या ओळीवर बोट ठेवले आणि म्हणाल्या, "लग्नाची नोंदही इथेच येणार." त्या कोऱ्या जागेचे महत्त्व मला तेव्हा कळले नाही, पण या अभिप्रायात जे सांगायचे आहे ते सगळे त्या रकान्यातून सुरू होते.

दाखल्यात चूक निघाली. माझ्या नावात एक अक्षर गाळले गेले होते, आणि ते मूळ नोंदीतच गाळलेले होते. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी लिहिणाऱ्याच्या हातून राहून गेलेले. मला वाटले, ताई पेन घेऊन अक्षर घालतील आणि काम संपेल. तसे झाले नाही. मूळ नोंदीत कोणालाही, प्रमुख धर्मगुरूंनाही, परस्पर बदल करता येत नाही, असे मला सांगण्यात आले. लेखी अर्ज, जन्मदाखल्याची प्रत आणि माझे स्वतःचे ओळखपत्र असे कागद धर्मप्रांताच्या कार्यालयात पाठवावे लागले. तेथून लेखी परवानगी आल्यावर मूळ अक्षरांना हात न लावता उजवीकडच्या त्या रकान्यात दुरुस्ती, परवानगीची तारीख आणि धर्मगुरूंची सही अशी नोंद झाली. याला पाच आठवडे लागले. त्या पाच आठवड्यांत मी दोनदा चिडून बोलले, हे कबूल करते. परंतु आज विचार करता ही कार्यालयाची सर्वांत चांगली सेवा होती असे माझे मत झाले आहे. जी नोंद अर्ध्या मिनिटात दुरुस्त करता येते, ती अर्ध्या मिनिटात बिघडवताही येते. वसईत जमिनीचे, वारसाचे आणि दाखल्यांचे जे तंटे आपण पाहतो, ते पाहिल्यावर पेन उचलण्याआधी परवानगी मागणारी नोंदवही किती मोलाची आहे, हे वेगळे सांगायला नको.

लग्नासाठी दाखला सहा महिन्यांच्या आत काढलेला असावा, अशी अट होती. आमच्याकडे मुलीच्या पहिल्या कम्युनियनच्या (मिस्सेतील पवित्र भाकर प्रथमच स्वीकारण्याच्या) वेळी काढलेला दाखला जपून ठेवलेला होता, तो चालला नाही. पुष्कळ लोकांना ही निव्वळ अडवणूक वाटते. मलाही तशी वाटली होती. कारण समजून घेतल्यावर मत बदलले. बाप्तिस्म्याचा दाखला हा केवळ बाप्तिस्म्याचा पुरावा नसतो. कॅथोलिक माणसाच्या आयुष्यातील दृढीकरण, विवाह, धर्मगुरुपदाची दीक्षा किंवा कायमचे व्रतबंधन या सर्व घटना त्याच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीपुढे, त्या उजवीकडच्या रकान्यात लिहिल्या जातात. नवा दाखला काढला की त्यात आजपर्यंतचा शेरा येतो, आणि माणूस विवाहास मोकळा आहे की नाही हे त्यावरून कळते. जुना दाखला जुन्या दिवसाचे सांगतो.

आणि या व्यवस्थेचा गाभा असा की लग्न कुठेही झाले, तरी जेथे ते लागले त्या धर्मग्रामाने त्याची सूचना वधू-वरांच्या बाप्तिस्म्याच्या धर्मग्रामांना पाठवलीच पाहिजे, असा चर्चच्या कायद्याचा दंडक आहे. सध्याचा हा कायदा, म्हणजे कॅनन लॉ, १९८३ चा आहे आणि त्यात १७५२ कलमे आहेत. माझ्या जावयांचा बाप्तिस्मा मालवणकडे झाला. लग्न आमच्या चर्चमध्ये लागले. लग्नानंतर तिसऱ्या आठवड्यात आमच्या कार्यालयातून छापील सूचनापत्र तिकडे गेले, आणि मार्चमध्ये विहीणबाईंचा फोन आला की त्या तिकडच्या कार्यालयात गेल्या असता त्यांना नोंद झालेली दाखवली गेली. आमच्या सूचनापत्राचा खालचा भाग सही-शिक्क्यासह परत आला तो ताईंनी एका फाइलमध्ये लावून ठेवलेला मला दाखवला. म्हणजे नुसते कळवून काम संपत नाही. कळवलेले पोहोचले आणि तिथे लिहिले गेले, याचे उत्तर परत येते. ते आल्याशिवाय फाइल मिटत नाही.

सासऱ्यांच्या जुन्या पेटीत त्यांच्या वडिलांचा एक दाखला होता, तो मी या निमित्ताने ताईंना दाखवला. त्यावर दमण धर्मप्रांताचा उल्लेख होता. त्यांनाही नवल वाटले. पोर्तुगालच्या राजाला मिळालेल्या आश्रयाधिकारामुळे (चर्चला आधार देण्याच्या बदल्यात बिशप सुचवण्याच्या हक्कामुळे), ज्याला पाद्रोआदो म्हणतात, वसई भागातील धर्मग्राम १९२८ पर्यंत मुंबईच्या आर्चबिशपांकडे नव्हते. १८८६ पासून ते दमणकडे होते आणि त्याआधी गोव्याच्या आर्चबिशपांकडे. मुंबई परिसरात तर एकाच वस्तीत दोन अधिकारक्षेत्रे शेजारी-शेजारी नांदत होती आणि त्यावरून लोकांमध्ये कडवे भांडण चालत असे. १९२८ मध्ये दमण धर्मप्रांत संपुष्टात आला आणि हा मुलूख मुंबईला जोडला गेला. मराठ्यांनी १७३९ मध्ये वसई घेतली, पोर्तुगीज सत्ता गेली, पुढे इंग्रज आले, धर्मप्रांतांच्या सीमा तीनदा बदलल्या, आणि तरीही त्या पणजोबांची नोंद शोधायला ताईंना फार तर दहा मिनिटे लागली. कपाटाच्या खालच्या कप्प्यात, कापडात गुंडाळलेल्या वहीत ती होती. अक्षरे फिकी झाली होती, कडा वाळवीने खाल्ल्या होत्या, पण नाव स्पष्ट होते. या वह्यांचे छायाचित्रण करून ठेवण्याचे काम लवकर व्हावे, अशी सूचना मी लेखी दिली आहे. पावसाळ्यात वसईत ज्या ओलाव्यात आपण राहतो त्यात कागद किती टिकणार, याची काळजी वाटते.

विवाहपूर्व शिबिराविषयी थोडक्यात सांगते. मुलगी आणि जावई दोघांनाही ते उपयुक्त वाटले, विशेषतः डॉक्टरांचे आणि पैशाच्या नियोजनाचे सत्र. नोंदणी मात्र दोन महिने आधी करावी, कारण उपवासकाळाच्या (ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या) आधी लग्नांची गर्दी असते आणि जागा भरतात. लग्नाची आगाऊ घोषणा म्हणून तीन रविवारी मिस्सेत वधू-वरांची नावे वाचली गेली, ती पहिल्या दोन्ही वेळा आडनावासकट बरोबर वाचली गेली आणि तिसऱ्या वेळी चुकली. ती चूक धर्मगुरूंनी मिस्सा संपण्याआधीच सुधारली.

आता परिषदेविषयी, आणि येथे माझी खरी तक्रार आहे.

आमच्या धर्मग्राम परिषदेवर आळीआळीतून निवडून दिलेले प्रतिनिधी, संघटनांचे प्रतिनिधी, धर्मभगिनी आणि प्रमुख धर्मगुरूंनी नेमलेले काही जण असे साधारण पंचवीस लोक होते. प्रमुख धर्मगुरू हे अध्यक्ष. चर्चच्या कायद्यानुसार अशी पालकीय परिषद बिशपांना योग्य वाटल्यास प्रत्येक धर्मग्रामात स्थापन करता येते, आणि तिला केवळ सल्ला देण्याचा अधिकार असतो. अर्थसमितीची गोष्ट वेगळी आहे. ती प्रत्येक धर्मग्रामात असलीच पाहिजे, तेथे पर्याय नाही. हा फरक कोणी मला आधी समजावून सांगितला असता, तर पहिल्या वर्षात मी जी अपेक्षा धरून बसले होते ती धरली नसती. परिषदेवर निवडून आले म्हणजे निर्णय घ्यायला आले, असे मला वाटले होते. निवडणूक शब्दातच तो भास आहे. ग्रामपंचायतीची निवडणूक पाहिलेल्या माणसाला दुसरे काही सुचणार तरी कसे?

चर्चच्या मागे एक बावखल आहे. वसईबाहेरच्या वाचकांसाठी सांगते की बावखल म्हणजे वाडीत खोदलेले तळे, ज्यात पावसाचे पाणी साठते, झिरपते आणि भोवतालच्या विहिरी उन्हाळाभर गोड ठेवते. वसईच्या पानवेली आणि केळी या पाण्यावर वाढल्या, आणि बंगले उभे राहू लागले तशी ही बावखले एकेक करून बुजवली गेली. आमच्या चर्चमागचे अजून आहे, पण गाळाने भरले आहे. परिषदेच्या तीन बैठकांत आम्ही त्यावर चर्चा केली. एका सभासदाने स्वतः गाळ मोजून आणला, दुसऱ्याने काम करणाऱ्याकडून खर्चाचा अंदाज घेतला, मी आळीतल्या सात विहिरींच्या पाण्याची मे महिन्यातली स्थिती लिहून आणली. पावसाळ्याआधी गाळ काढावा, अशी शिफारस एकमताने झाली. बैठकीच्या इतिवृत्तात ती लिहिली गेली.

जून आला, पाऊस आला, बावखल तसेच राहिले. जुलैच्या बैठकीत विषयपत्रिकेवर बावखल नव्हते. कोणी विचारले तेव्हा "पाहू या" असे उत्तर मिळाले. त्यानंतर वर्षअखेरीस हिशेब वाचला गेला तेव्हा समजले की त्या कामासाठी मनात धरलेली रक्कम शाळेच्या छपरावर खर्च झाली होती. शाळेच्या इमारतीच्या तपासणीचा अहवाल मे महिन्यात आला होता आणि दोन वर्गांचे छप्पर त्या पावसाळ्यात मुलांच्या डोक्यावर ठेवणे धोक्याचे होते. अर्थसमितीचा सल्ला घेऊन प्रमुख धर्मगुरूंनी छपराचे काम आधी केले.

हा निर्णय योग्य होता. मला विचारले असते तर मीही छपराच्याच बाजूने हात वर केला असता, आणि विहिरींची यादी घरी परत नेली असती. परंतु आम्हाला कोणी सांगितलेच नाही. गाळ मोजणाऱ्या सभासदाने पुढच्या दोन बैठका टाळल्या आणि मग येणेच सोडले. त्याला वाटले, आपले बोलणे कोणी ऐकले नाही. प्रत्यक्षात ते ऐकले गेले होते, तोलले गेले होते आणि एका मोठ्या गरजेपुढे मागे ठेवले गेले होते. हे त्याला एका वाक्यात सांगता आले असते. एका छापील कागदाने मालवणहून उत्तर येते, आणि वरच्या मजल्यावरून खालच्या मजल्यावर उत्तर येत नाही, हे मला पटत नाही.

यावर काही जण म्हणतात की चर्च म्हणजे लोकशाही नाही. ते मला मान्य आहे. धर्मप्रांतात कायदा करण्याचा, तो राबवण्याचा आणि न्याय देण्याचा अधिकार बिशपांकडे असतो. राबवण्याच्या कामात व्हिकर जनरल (बिशपांनी नेमलेले मुख्य सहायक धर्मगुरू) मदत करतात, न्यायाच्या कामात न्यायविषयक व्हिकर, आणि कागदपत्रांची जबाबदारी चान्सलर सांभाळतात. धर्मगुरूंची परिषद असते, जिच्यातील सुमारे अर्धे सभासद धर्मगुरूंनी निवडलेले असतात. त्या परिषदेतून बिशप सहा ते बारा धर्मगुरूंचे सल्लागार मंडळ नेमतात. धर्मप्रांताची अर्थसमिती असते, तिच्यात किमान तीन जाणकार माणसे पाच वर्षांसाठी असतात आणि बिशपांच्या जवळच्या नातेवाइकांना तेथे घेता येत नाही. म्हणजे अधिकार एका हातात असला तरी तो हात एकटा नाही. काही बाबतींत, उदाहरणार्थ ठरावीक मर्यादेपुढील मालमत्ता विकताना, अर्थसमिती आणि सल्लागार मंडळाची संमती लागते. नुसता सल्ला तेथे पुरत नाही. वसईत एका गुंठ्याचा भाव काय आहे हे ठाऊक असलेल्या प्रत्येकाला या तरतुदीचे मोल कळेल.

पण सल्ला बंधनकारक नसणे आणि सल्ल्याला उत्तर न देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कायदा पहिल्याला परवानगी देतो, दुसऱ्याला नव्हे. ज्या बाबींत सल्ला घेणे कायद्याने आवश्यक केले आहे, तेथेही वरिष्ठांनी, विशेषतः सर्वांचे मत एक असेल तर, सबळ कारणाशिवाय त्यापासून दूर जाऊ नये, असे त्यात म्हटले आहे. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये रोम येथे सिनॉडचा (जगभरच्या चर्चच्या प्रतिनिधींच्या सभेचा) जो अंतिम दस्तऐवज मंजूर झाला, जो पोप फ्रान्सिस यांनी स्वतंत्र पत्र न लिहिता जसाच्या तसा स्वीकारला, त्यात एक पाऊल पुढे टाकलेले आहे. अधिकाऱ्याने सल्लामसलत झालीच नाही अशा थाटात पुढे जाऊ नये, आणि एकमताच्या सल्ल्यापासून वेगळा निर्णय घ्यावा लागला तर त्याचे कारण योग्य रीतीने समजावून द्यावे, असा त्याचा आशय आहे. पालकीय परिषदा सर्वत्र अनिवार्य कराव्यात, हेही त्यात सुचवले आहे. त्या सिनॉडच्या तयारीसाठी २०२१ नंतर आमच्या आळीतही बैठका झाल्या होत्या, आम्ही कागदावर मते लिहून दिली होती. ती मते कुठवर गेली हे मला कोणी सांगितले नाही, पण त्या दस्तऐवजातील हे वाक्य वाचताना मला असे वाटले की आमच्या बावखलाजवळ बसूनच कोणी ते लिहिले आहे.

माझी एक मैत्रीण चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट चर्चची आहे. सहा चर्च एकत्र येऊन २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला हे चर्च स्थापन झाले. त्यांच्याकडे धर्मप्रांताच्या परिषदेत प्रापंचिक (धर्मगुरू नसलेले) प्रतिनिधी मतदान करतात आणि सर्वोच्च सभा, म्हणजे सिनॉड, दर तीन वर्षांनी भरते. तिच्याशी बोलताना लक्षात आले की त्यांच्या अडचणी वेगळ्या आहेत. मतदान आले की गट येतात, आणि गट आले की निवडणुकीतील कटुता पुढे रविवारच्या उपासनेपर्यंत टिकते. म्हणून मी आमच्याकडे मतदान मागत नाही. मी उत्तर मागते. शिफारस झाली, तिचे काय झाले, हे पुढच्या बैठकीत दोन ओळींत सांगितले जावे.

हिशेबाबाबत मात्र या कार्यालयाला पूर्ण गुण द्यावेत असे माझे मत आहे. श्रद्धावंतांनी दिलेल्या देणगीचा हिशेब श्रद्धावंतांना द्यावा, असे चर्चचा कायदा सांगतो. शिवाय १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यात चर्चचाही समावेश आहे, त्यामुळे धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडे लेखापरीक्षित हिशेब जातो, आणि स्थावर मालमत्ता विकायची तर त्यांची पूर्वपरवानगी लागते. म्हणजे दोन कायद्यांच्या दोन चाळण्या आहेत. आमच्याकडे वार्षिक हिशेब चर्चच्या दारातील फलकावर महिनाभर लावला जातो आणि मिस्सेनंतर अर्थसमितीचे सभासद प्रश्नांना उत्तरे द्यायला थांबतात. गेल्या वर्षी मी मेणबत्त्यांच्या खर्चाविषयी विचारले होते, तर समितीतील एका गृहस्थांनी पावत्यांची फाइलच हातात दिली. इतकी सचोटी असलेल्या ठिकाणी निर्णयाचे कारण लपवण्याची कोणाची इच्छा असेल, असे मला क्षणभरही वाटत नाही. पावतीची सवय आहे, कारण सांगण्याची सवय नाही, एवढेच.

गुण द्यायचेच तर दाखले आणि नोंदी यांना पाचपैकी पाच, हिशेबाला पाच, वागणुकीला साडेचार, आणि परिषदेच्या कामकाजाला अडीच. दाखल्यासाठी जाणाऱ्यांनी बाप्तिस्म्याचे वर्ष आणि जमल्यास महिना लक्षात ठेवून जावे, त्याने शोध फार सोपा होतो. लग्न असेल तर आठ महिने आधी दाखला काढून त्यातील प्रत्येक अक्षर आईवडिलांच्या आधारकार्डाशी ताडून पाहावे. चूक निघालीच तर दुरुस्तीला वेळ मिळतो, आणि मग सहा महिन्यांच्या आत नवा दाखला काढता येतो. दाखल्याचे मला ५० रुपये पडले, त्याची पावती मिळाली. दुरुस्तीचे काही घेतले नाही.

परिषदेचे आमंत्रण आले असेल तर जरूर जावे. मी माझा कार्यकाळ वाया गेला असे मानत नाही. त्या तीन वर्षांत आजारी लोकांसाठी कम्युनियन घरी नेण्याची व्यवस्था उभी राहिली, उत्तर भारतातून आलेल्या कामगारांसाठी हिंदी मिस्सा सुरू झाली, आणि स्मशानभूमीच्या कुंपणाचा वर्षानुवर्षे रेंगाळलेला प्रश्न सुटला. हे सगळे परिषदेच्या शिफारशीवरून झाले. ज्या शिफारशी मान्य झाल्या त्यांचे उत्तर आपोआप डोळ्यांना दिसते. ज्या मान्य झाल्या नाहीत त्यांच्याच बाबतीत शब्दांची गरज असते.

परिषदेची पुढची निवड येत्या नोव्हेंबरात आहे. मी पुन्हा उभी राहणार नाही, कारण नव्या लोकांना जागा मिळाली पाहिजे. पण गेल्या आठवड्यात प्रमुख धर्मगुरूंच्या नावे एक अर्ज कार्यालयात दिला आहे. प्रत्येक बैठकीच्या विषयपत्रिकेवर पहिला विषय 'मागील शिफारशींवर झालेली कार्यवाही' हा असावा, आणि इतिवृत्ताच्या कागदावर उजवीकडे त्यासाठी एक रकाना मोकळा सोडावा, एवढीच त्यात विनंती आहे. सोबत नमुन्याचा एक कागद रेघा मारून जोडला आहे. ताईंनी अर्ज वाचला, आवक वहीत नोंद केली आणि शिक्का मारून पोच दिली. उत्तर आले की ते येथेच खाली जोडीन.